निळ्या दोऱ्याचा चिमटा

लाँड्रीचं दार आणि वहिनींचं तोंड, दोन्ही सकाळी लवकर उघडत आणि दिवसभर मिटत नसत. तशा त्या कुणाच्या सख्ख्या वहिनी नव्हत्या. नवऱ्याला सगळी गल्ली दादा म्हणायची, म्हणून या आपोआप वहिनी झाल्या. दादा वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होते. ज्या सरकत्या पट्ट्यावरून कोळसा भट्टीकडे जातो, तो कुठे अडखळू नये हे बघणं त्यांचं काम. दिवसभर भुकटीत उभं राहायचं आणि संध्याकाळी घरी यायचं.

पण घरी यायचे ते न्हाऊन, आणि हीच वहिनींच्या अभिमानाची गोष्ट होती. कपडे द्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती ऐकावी लागे. आमचे हे गेटबाहेर पाऊल टाकायच्या आधी अंघोळ करतात, कामाचे कपडेही तिथेच धुऊन वाळत घालतात, लाँड्रीवालीचा नवरा असून एक मळका शर्ट कधी माझ्यापुढे टाकला नाही. ऐन थंडीत ओल्या केसांनी येऊन खोकत बसत, पण नेम चुकायचा नाही. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना दादांचा दाखला देत, आणि ते नवरे दादांवर खार खाऊन असत.

वीजकेंद्राच्या दोन धुराड्यांनी वहिनींचं घर चालवलं होतं आणि त्यांनीच वहिनींचा धंदा बसवत आणला होता. वारा फिरला की गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींवर राख बसे आणि सगळं पुन्हा पाण्यात घालावं लागे. त्यात उन्हाळा दरसाल लांबत चाललेला. इस्त्रीच्या खोलीत दुपारी उभं राहवेना, भोवळ यायची. गच्ची साऱ्या इमारतीची होती. दोऱ्या शेजारीशेजारी, त्यामुळे चिमटे एकमेकांत मिसळत आणि भांडणं होत. म्हणून वहिनींनी आपल्या लाकडी चिमट्यांना निळा दोरा बांधून ठेवला होता. निळा दोरा दिसला की तो चिमटा कुणाचा, याबद्दल वाद नाही.

अशात तिसऱ्या धुराड्याची बातमी आली आणि वाचनालयाच्या वरच्या खोलीत बैठका सुरू झाल्या. पुढाकार भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाईंचा. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की हवा तापतेय ही गोष्ट आपल्याला लोकांना पटवायची आहे, कुणाला झोडपायचं नाही. दगड नाही, शिवी नाही, कुणाचा अपमान नाही. वहिनी तिथे गेल्या त्या नवऱ्याला विचारून. दादा एवढंच म्हणाले होते, "जा. तुझ्या चादरी काय खोटं बोलत नाहीत." नोकरी जाईल की काय ही धास्ती त्यांनाही होतीच, पण तिची बेडी त्यांनी बायकोच्या पायात घातली नाही.

चळवळीला चिन्ह हवं होतं. कॉलेजातली एक मुलगी चित्रं काढून आणायची, तिला सगळे पोस्टरवाली म्हणत. तिने जळता गोल आणला. आगीचं चित्र बघून आपल्यालाच आगलावे म्हणतील, असं बाई म्हणाल्या. वळलेली मूठ आणली, तर मूठ दाखवून कुणाला शांत राहा सांगता येत नाही. कवटी आणली, ती बघून औषधांच्या दुकानदाराला आपल्या कपाटातल्या उंदीर मारायच्या पुडीची आठवण झाली. कुणी पांढरा रुमाल सुचवला. तोच दुकानदार म्हणाला, लढाई सुरू व्हायच्या आधीच शरण जायचं असेल तर ठीक आहे. भिजत घोंगडं तसंच पडून राहिलं. वहिनींना काही सुचत नव्हतं, आणि त्यांना काही सुचत नसलं की हात साडीवर घातलेल्या कामाच्या शर्टाच्या खिशात जाई. खिशात चिमटा होता. तो त्यांनी उगाच आपल्या कॉलरला लावला.

पोस्टरवालीने तो पाहिला आणि चित्रांची सुरळीच करून टाकली.

खरंच, चिमटा घरोघरी असतो. तो बाळगला म्हणून कुणाला पकडता येत नाही. त्याने कुणाचं डोकं फुटत नाही. आणि आमची दोरी रिकामी का, एवढा साधा प्रश्न तो विचारतो. बाईंनी हात वर करायला सांगितलं तेव्हा एकही हात खाली राहिला नाही. वहिनींनी दुसऱ्या दिवशी आपली टोपली उचलून आणली आणि येईल त्याच्या कॉलरला चिमटा लावत सुटल्या. गच्चीवर कपडे वाळत घालायला चार चिमटे उरले नाहीत, तरी त्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. बसमध्ये, बँकेत, दवाखान्यात लोकांच्या कॉलरवर चिमटे दिसायला लागले. वर्तमानपत्रात फोटो आला. जन्मभर लोकांचे कपडे धुणाऱ्या बाईला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी घडवलं, आणि त्यात वावगं काय होतं?

मग एका संध्याकाळी चळवळीतली पोरं वीजकेंद्राच्या गेटवर उभी राहिली. हातात फलक, गळ्यातून आवाज नाही, सगळं ठरल्याप्रमाणे. वारा मात्र त्यांच्याच दिशेचा होता आणि धुराचा दर्प घशात उतरत होता. कुणीतरी कॉलरचा चिमटा काढून नाकाला लावला. बाकीच्यांना ते आवडलं. बघता बघता सगळी रांग नाकाला चिमटे लावून धुराड्याकडे माना वर करून उभी राहिली. फोटो काढणारे धावले. नेमका भोंगा झाला आणि पाळी सुटली. गेट धुराड्याच्या बरोबर खाली होतं. त्यातून माणसं बाहेर पडू लागली.

वहिनी त्या दिवशी लाँड्रीत होत्या. दादा नेहमीसारखे ओल्या केसांनी आले, चहा घेतला, आणि खिशातून एक चिमटा काढून बशीशेजारी ठेवला.

"हा तुझाच ना? निळा दोरा आहे. रस्त्यात पडला होता."

काय झालं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. भट्टीवरचा त्यांचा जोडीदार पोरांसमोर आला आणि आपलाच शर्ट हुंगून बघायला लागला, हेही सांगितलं. पोरांनी ते धुराड्याला उद्देशून केलं असेल, माणसांना नव्हे, असं वहिनी भराभरा बोलत राहिल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाची बाजू घ्यायची ते त्यांना कळेना. बाईंना सांगते, त्या पोरांना माफी मागायला लावते, असंही म्हणाल्या.

"पोरांना कशाला बोलतेस," दादा म्हणाले. "मला काय ते नवीन आहे का?"

"म्हणजे?"

"पहिला तूच लावला होतास."

आवाजात राग नव्हता. राग असता तर वहिनींना भांडता आलं असतं. त्यांना आधी काही आठवलंच नाही, आणि मग सगळं आठवलं. नवं लग्न, भाड्याची खोली, मांडीवर घड्या घालायचे कपडे. दादा कामावरून थेट आत आले होते, काळे, घामेजलेले, गंधकाचा उग्र वास घेऊन. वहिनींना गंमत सुचली. त्यांनी चिमटा नाकाला लावला आणि तसाच चहा आणून दिला, गेंगाण्या आवाजात "घ्या साहेब" म्हणत. दोघंही हसली होती. दुसऱ्या दिवशी दादा ओल्या केसांनी घरी आले होते. तेव्हापासून एकदाही कोरड्या केसांनी आले नव्हते.

"मी गंमत केली होती हो," वहिनी म्हणाल्या.

"ठाऊक आहे. मीही हसलोच होतो की." त्यांनी कप उचलून मोरीत ठेवला. जाता जाता खोकले.

वहिनींना सगळ्यात जास्त लागलं ते स्वतःचं बोलणं. इतकी वर्षं गल्लीभर मिरवलं ते हेच. ज्या गोष्टीची लाज वाटायला हवी होती, तिचा त्यांनी डांगोरा पिटला होता, आणि तो माणूस शेजारी बसून ऐकून घेत होता.

पुढच्या बैठकीत वहिनी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की चिमटा नको. खोलीत कुजबुज झाली. औषधांच्या दुकानदाराला ते अजिबात पटेना. आता कुठे लोक आपल्याला ओळखायला लागलेत, चिन्ह काय रोज बदलायचे कपडे आहेत का, असं तो म्हणाला. पोस्टरवाली रडवेली झाली होती. आम्ही माणसांकडे बघतच नव्हतो, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. ते खरंही होतं, आणि वहिनींना वाटलं, गोम तर तिथेच आहे.

"तू बघत नव्हतीस हे मला मान्य आहे," वहिनी तिला म्हणाल्या. "मीही बघितलं नव्हतं. माझ्या घरात एका माणसाला हा चिमटा लागलाय आणि अजून निघालेला नाही. तो मी लावलाय, तुम्ही नाही."

बाईंनी आपल्या कॉलरचा चिमटा काढून टेबलावर ठेवला. मग एकेकाने काढला. टाळून टाळून शेवटी पांढऱ्या रुमालावर येऊन गाडी थांबली. रुमाल मनगटाला बांधायचा, संध्याकाळपर्यंत त्याचा रंग काय होतो ते लोकांनी बघायचं. पट्ट्यावरच्या माणसालाही तो बांधता येईल, असं बाई म्हणाल्या. दुकानदार शरणागतीबद्दल पुटपुटला, पण त्याने हात वर केला. वहिनींनी टेबलावरचे चिमटे टोपलीत भरले. अर्ध्यांचे निळे दोरे तुटून गेले होते.

घरी येऊन त्यांनी दादांना सगळं सांगितलं. चिमटा गेला, म्हणाल्या. दादांनी मान हलवली, बरं झालं म्हणाले. मग वहिनींनी बराच वेळ टॉवेलची एकच घडी पुन्हा पुन्हा घातली आणि विचारलं, "उद्या तसेच याल का घरी? अंघोळ इथे करा. मी पाणी तापवून ठेवते."

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी लाँड्री लवकर बंद केली. गिऱ्हाइकांना वाटलं, वहिनी आजारी पडल्या. त्यांनी मोठं पातेलं भरून पाणी तापवलं, मोरी घासली, नवा साबण फोडला आणि कोरडा टॉवेल खांद्यावर टाकून खोलीबाहेरच्या सज्जात उभ्या राहिल्या. भोंगा झाला. माणसं रस्त्याला लागली. काहींच्या अंगावर दिवसाचा काळिमा तसाच होता आणि ती आपापल्या घरी निघाली होती. आपलं माणूस त्यांच्यात ओळखू येईल ना, अशी एक वेडी शंका वहिनींच्या मनात येऊन गेली.

दादा जिन्याने वर आले. केस ओले होते. पाणी कानामागून ओघळून कॉलरवर उतरत होतं.

"विसरलो नव्हतो गं," ते म्हणाले. "नळापाशी उभा राहिलो, तसाच निघायला गेलो. गेटबाहेर पाय पडेना."

वहिनींनी टॉवेल पुढे केला. दादांनी डोकं पुसलं, टॉवेल परत दिला आणि खिडकीपाशी जाऊन बसले. त्यांच्या मनगटाला रुमाल नव्हता आणि तो आहे का हे वहिनींनी पाहिलंही नाही. मोरीत पाणी निवत चाललं होतं. फुकट कशाला घालवायचं, म्हणून त्यांनी त्यात लोकांचे कपडे भिजत घातले.