घुबडांची पार्लमेंट

एडिनबराच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवरची स्कॉटिश बाई माझी मैत्रीण आहे, असं मी दोन वर्षं धरून चालले होते. कावळ्यांच्या थव्याला इंग्रजीत मर्डर म्हणतात आणि घुबडं जमली की पार्लमेंट, हे मला तिनेच सांगितलं. मग रोज जेवताना आम्ही स्वतःचे शब्द पाडायचो. मॅनेजरांची एक जांभई, एचआरवाल्यांचा एक उसासा, असले. या खेळापायी मी आमच्या पोरांचं टेबल सोडलं. ती पुण्या-नागपूरची चौघं प्रोग्रामर मायक्रोवेव्हजवळ डबे उघडून बसायची, आणि मी माझा डबा घेऊन हिच्यासमोर.

एका शुक्रवारी नवा मॅनेजर आमच्यात जेवायला बसला. हिने त्याला खेळ समजावला आणि मायक्रोवेव्हकडे मान वळवून म्हणाली, "अ पाँग ऑफ प्रोग्रामर्स." पाँग म्हणजे घाण वास. हा शब्द ती तिच्या भिजलेल्या कुत्र्यासाठी वापरायची, म्हणून मला ठाऊक. मॅनेजर खो खो हसला. त्या चौघांनी ऐकलं, कसंनुसं हसले आणि एकाने आपल्या डब्याचं झाकण लावलं.

माझा चेहरा बघून हिने माझ्या हातावर थोपटलं. म्हणाली, "तुला नाही गं म्हणत. तू कुठे त्यांच्यातली?"

मी डबा उचलला आणि त्या टेबलावर जाऊन बसले. डबा रिकामा होता. त्यातली लसणाची चटणी हिनेच चाटूनपुसून संपवली होती.