हातावरचं दही

त्या रात्री मी आणि एक अनोळखी पोरगा मिळून जेवलो, वालाचं बिरडं आणि भात. त्याचं नाव मी विचारलं नाही. तिशीचा असेल. रेवसच्या धक्क्यावर मुंबईच्या दोन लाँची सोडून बसून राहिला होता, म्हणून घरी घेऊन आलो. बायको जाऊन दीड महिना झालेला. घरात दुसरं माणूस जेवतंय, एवढंच मला पुरे होतं.

सारखा खिसा चाचपायचा. मी म्हटलं, "काय रे, अंडी ठेवलीस काय त्यात?"

हात पुसून त्यानं कागद दाखवला. विलायतेतल्या लोखंडाच्या कारखान्यानं त्याला कामाला बोलावलं होतं. काही वर्षं काम केलं की तिथंच कायमचं राहायला मिळणार. बोट उद्या संध्याकाळी मुंबईहून सुटणार. ती चुकली की परवाना फुकट.

"मग बसलास कशाला?"

"आयनं हातावर दही न्हाय घातलं, काका. म्हणाली, परत येणाऱ्याला दही देतात. तू कायमचा चाललास."

आमच्या घरातून निघणाऱ्याला दही बायको द्यायची. ती गेल्यापासून मी विरजणच लावलं नव्हतं. जेवण झाल्यावर शेजारून दूध आणून लावलं.

सकाळी त्यानं हात पुढं केला. मी चमचाभर दही घातलं. म्हटलं, "परत ये हां. न्हायतर तुझी आय मला शिव्या घालील."

तो हसला नाही. दही चाटलं, हात न धुताच मूठ मिटली आणि ती तशीच धरून लाँचवर चढला.