आई ओरडावी म्हणून

सक्करदऱ्याच्या शेअर ऑटोत समोर बसलेल्या त्या बाईचं नाव मी विचारलंच नाही. सकाळी पुऱ्या तळताना आईच्या मनगटावर तेल सांडलं होतं. त्यावर टूथपेस्ट लावून ती माझ्यासोबत लग्नाला निघाली होती.

"दुखून राहिलं का वं माय?" बाईनं विचारलं.

"अजिबात नाही," आई म्हणाली. मला हायसं वाटलं.

बाईचा चेहरा मात्र उतरला. आई नको म्हणत असतानाही तिनं हलक्या हातानं बांगड्या काढल्या, बाटलीतलं पाणी मनगटावर ओतलं. पेस्टखालची कातडी पांढरीफटक होती. मग मानेवरचा पदर सारून तिनं आपला आक्रसलेला डाग दाखवला.

"मलेही दुखलं नव्हतं. खोल जळलं की दुखत नाही, भाऊ. लग्न राहू दे, दवाखान्यात ने."

दवाखान्यात आत जखम तपासत होते. आई एकदा तरी ओरडावी, म्हणून मी दाराला कान लावून उभा होतो.