खिडकीतला फोन

एका दुपारी साठ काजं करेल आणि एकही वाकडं जाणार नाही, असा तिचा हात. शर्टांच्या कारखान्यात काजं करायची, बटणं लावायची, म्हणून सगळे तिला काजवालीच म्हणत. नवरा दहा वर्षांपूर्वी "आलोच" म्हणून गेला, तो गेलाच. आलोच म्हणे! माणसाला बोलण्याचा काही धरबंध असावा की नाही? मागे एका खोलीत दोघी उरल्या, ती आणि तिची सासू.

कारखान्यातले कटर मास्तर विधुर. तीन वर्षं कापलेले गठ्ठे तिच्या टेबलावर ठेवून मुकाट निघून जायचे. एके दिवशी गेले नाहीत. कानाच्या पाळ्या लाल करून उभे राहिले आणि लग्नाचं विचारलं. तिच्या मनात हो होतं. पण आधी मोकळं व्हायला हवं, आणि मोकळं करणारा बेपत्ता!

वकीलबाई म्हणाल्या, "सात वर्षांत त्याची काहीच खबर नाही, एवढं सिद्ध करायचं. पेपरात नोटीस देऊ. त्याची आई आहे ना? त्यांची साक्ष घेऊ. शेजारचंही कुणी आणा."

काजवालीला नेमकं तेच अवघड होतं. कारण सासूबाईंना दर रविवारी लेकाचा फोन यायचा! खिडकीत उभ्या राहून त्या असं बोलायच्या, की समोरच्या इस्त्रीवालीला शब्द न् शब्द ऐकू जावा. "हो रे, जेवलास का? ही ना? मजेत आहे. किती आठवण काढते तुझी!"

पलीकडे कुणी नाही, हे काजवालीला पहिल्याच रविवारी कळलं होतं. फोन चार्ज करायचा राहिला होता, तो बंदच होता. सुनेला नवऱ्यानं टाकलं असं कुणी म्हणू नये, म्हणून म्हातारीचा हा सगळा खटाटोप. अशा माणसाला काय बोलायचं, सांगा! ती खाली मान घालून बटणं लावत राहिली. पण आता इस्त्रीवालीला विचारलं, तर ती बिचारी शपथेवर सांगणार, फोन येतात. मग अर्ज गेलाच. आणि ते खोटं म्हणायचं, तर सासूला चारचौघांत तोंडघशी पाडायचं.

"आई, राहू दे ते कोर्टबिर्ट," ती म्हणाली. "मी आहे तशी बरी आहे."

"बरी कसली डोंबलाची!" सासू कडाडली. "मास्तरानं काय जन्मभर गठ्ठे वाहायचे? माझा चष्मा शोध आधी. आणि त्या इस्त्रीवालीलाही घे बरोबर."

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "मुलाचा शेवटचा फोन कधी आला?"

सासूबाईंनी कठडा घट्ट धरला. समोरच्या बाकावर इस्त्रीवाली बसलेली. काजवालीला वाटलं, उठावं आणि म्हातारीला घरी घेऊन जावं.

"आलाच नाही," सासूबाई म्हणाल्या. "दहा वर्षांत एकदाही नाही. ही समोर बसलीय ना, हिला ऐकू जावं म्हणून मी बंद फोनात बोलायचे. माझ्या पोरानं या पोरीला टाकलं, हे कुणी तिच्या तोंडावर बोलू नये म्हणून. साहेब, तो तिला विसरला. मलाही विसरला. पोरीला तेवढं मोकळं करा."

एवढं बोलून त्या तिथंच रडायला लागल्या. काजवालीनं कोर्ट पाहिलं नाही की न्यायाधीश पाहिले नाहीत, धावत जाऊन तिनं त्यांना धरलं. इस्त्रीवाली बाकावर डोळे पुसत बसली होती.

चार महिन्यांनी निकाल लागला आणि पाठोपाठ लग्न. मास्तर दोनदा हात जोडून म्हणाले, "तुम्हीही आमच्याकडे चला." सासूबाई ऐकेनात.

"त्याला हाच पत्ता ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "आलाच कधी, तर दार उघडायला कुणी तरी नको का?"

आता रोज एक वाजता, कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली, की त्या खोलीतला फोन वाजतो. सासूबाई तो उचलून खिडकीत जातात. सवय, दुसरं काय! आवाजही तोच, गल्लीभर जाणारा. "हो गं, जेवले. तू जेवलीस का?"

आणि आता तो वाजलेलाही समोर इस्त्रीवालीला ऐकू जातो.