मोटार भरणारे मामू आणि तारेतली पोरं

तेव्हाच्या औरंगाबादेत तांब्याच्या तारेवर पोट भरणारी माणसं पुष्कळ होती. तारेच्या आत राहणाऱ्यांची काळजी वाहणारे मात्र मोटार भरणारे मामू एकटेच. हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो आहे. जालना रस्त्याला मिळणाऱ्या एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. विजेच्या जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार काढायची आणि तिथं नवी तार गुंडाळून द्यायची, हा त्यांचा धंदा. दुकानावरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो. मी पाचोडकडच्या एका खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे बी.एस्सी. म्हणजे नेमकं काय, हे घरात कुणालाच सांगता येत नसे, मलाही नाही. मामू मला नावानं हाक मारत नसत, 'ओ पाचोड' म्हणत. माझ्या आधीच्या भाडेकरूला ते 'गंगापूर' म्हणायचे, आणि तो खोली सोडून गेल्यावरही महिनाभर मी गंगापूरच होतो.

मामूंचं असं मत होतं की वीज कुठून येत नाही आणि कुठं जात नाही. सगळी गल्ली 'लाईट गेली', 'लाईट आली' म्हणायची, ते त्यांना सहन होत नसे. एकदा खांबावर चढलेल्या वायरमननं वरूनच सांगितलं, "मामू, सोडली बरं का लाईट."

मामू खालून शांतपणे म्हणाले, "तुम क्या छोडते मियाँ? जो है सो हमारे तार में पहलेसेच है. तुम बस धक्का देते."

"बरं, धक्का दिला," वायरमन म्हणाला आणि उतरून पुढच्या खांबाकडे गेला. त्याला अजून बरेच खांब बाकी होते.

तारेला ते कधी वेडावाकडा पीळ देत नसत, आणि दुसऱ्या कुणी दिला तर चेहरा असा करत की जणू त्यांचाच हात पिरगळला आहे. "अंदर वालों को रास्ता लगता ना," एवढंच म्हणत. चैत्र-वैशाखात दुपारी शटर अर्धं खाली ओढून ते दुरुस्त झालेल्या मोटारींना वर्तमानपत्रानं वारा घालत. स्वतः घामानं निथळत असत. मुमानी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणायच्या, "अजी, एक पंखा इधर भी चलाव. हम भी गरम होते." मामू त्यावर म्हणत, "तुम जलते नहीं ना बेगम." या उत्तरावर मुमानींचं काय मत होतं, ते जेवणाच्या वेळी कळत असे.

गिऱ्हाइकं बहुतेक शेतकरी. विहिरीवरची मोटार बैलगाडीत नाहीतर एसटीच्या टपावर घालून आणायची आणि दुकानात उतरवायची. पण मोटार उतरवली म्हणजे काम सुरू झालं असं नव्हतं. आधी कबुली द्यावी लागे. आमच्याच भागातले एक पाटील एकदा मोटार घेऊन आले. मामूंनी तिच्यावर हात ठेवला, वास घेतला आणि विचारलं, "कितनी देर चलाये?"

"लई नाय मामू. थोडा येळ."

"थोडा म्हणजे?"

"आता मोटार जळाली, ती भरा की. सोयरीक जमवायला आल्यावानी काय इचारता?"

मामू स्टुलावर बसून राहिले. पाटीलही बसून राहिले. चहा आला, संपला. शेवटी पाटील जमिनीकडे बघत म्हणाले, "व्होल्टेज कमी होतं. तरी बी चालवली. उसाला पानी नव्हतं. दुपारपातूर."

"हौ," मामू म्हणाले, आणि हातात पाना घेतला. जळण्याचं कारण माहीत नसताना मोटार भरणं हे त्यांच्या हिशेबी, दुखतं कुठं हे न विचारता औषध देण्यासारखं होतं.

कॉइल गुंडाळताना ते फेरे मोठ्यानं मोजत आणि मधे बोलत नसत. बोललं तर मोजणी चुकते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्यामुळे त्यांचं सगळं समाजजीवन आकड्यांतून चाले. कुणी सलाम केला तर ते मान लववून प्रेमानं "बयासी" म्हणत. एकदा त्यांचे व्याही अचानक भेटायला आले, तेव्हा त्यांचं स्वागत "एक सौ चार" असं झालं आणि पुढं एकशे साठपर्यंत त्यांची चौकशी होत राहिली. व्याह्यांना सवय होती. ते एकशे साठला बसले.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय मामू पुरते कळणार नाहीत. मी शेवटच्या वर्षाला पदार्थविज्ञानाच्या तोंडी परीक्षेत नापास झालो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं होतं, तारेत इलेक्ट्रॉन किती वेगानं जातात? मी ठणठणीत आवाजात सांगितलं, प्रकाशाच्या वेगानं. इतका मोठा वेग सांगितल्यावर गुणही मोठे मिळतील असं मला वाटलं होतं. घरी कळवलं, तेव्हा वडील बाजाराच्या दिवशी पाचोडहून एसटीनं आले. खोलीत बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "येक डाव हुकला, हुकू दे. दुसऱ्या डावाला हुकला तर घरी ये. औताला माणूस लागतंयच." ते रागावले नव्हते, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. परत बोलावतील ते कायमचं, हे मला ठाऊक होतं.

वडील गेल्यावर मी खाली दुकानात जाऊन बसलो. मामू कॉइल गुंडाळत होते. मी कुणाला उद्देशून नव्हे असा बोललो, "प्रकाशाचा वेग सांगितला, तरी नापास."

मामू सत्तरवर होते. तार गुंडाळायच्या यंत्राची मूठ थांबली. मी तिथं राहिलो त्या तीन वर्षांत त्यांनी मधेच मोजणी सोडलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"किसने बोला उन्हें इतना दौडते?"

"मीच बोललो."

"उठ," ते म्हणाले.

मला मागच्या अंगणात नेलं. तिथं मुमानींचा झाडांना पाणी घालायचा रबरी पाईप होता. मामूंनी तो झटकून रिकामा केला, एक टोक नळाला लावलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि नळ सोडला. "गिन." मी मोजलं. आठव्या आकड्याला पाणी आलं. मग त्यांनी नळ बंद केला. पाईप भरलेलाच होता. पुन्हा नळ सोडला. मी 'एक' म्हणायच्या आत माझे पाय भिजले.

"ये जो पानी अब्बी आया, नल का था?"

"नाही. पाईपातलंच, तोंडाशी होतं ते."

"नल वाला किधर है?"

"मागं आहे. येईल हळूहळू."

"बस. तांबा ऐसा पाईप है जो कभी खाली नहीं होता." मग त्यांनी दारातूनच गल्लीकडं बोट दाखवलं. तिथं दहा-पंधरा पोरं कालवा करत होती. "देख. हर घर ने अपना एकेक बच्चा बाहर छोड़ रखा. कौन किसका, पता नहीं. इधर दौडते, उधर दौडते, दीवार को टकराते. दौडते बहुत, पहुँचते किधर बी नहीं. वैसेच तांबे के अणू, एकेक इलेक्ट्रॉन बाहर छोडते. लकडी में बच्चे घर में बंद रहते, इसवास्ते लकडी में करंट नहीं."

"आणि बटन दाबलं की?"

"गल्ली के उस सिरे पे कुल्फीवाला आया समझ. दौडना, टकराना चालूच, पर पूरी भीड जरा जरा करके उधर सरकती. चींटी से बी धीमे. मगर सारी गल्ली एक साथ सरकती, इसवास्ते दिया फौरन जलता."

घरातल्या विजेत तर धक्का सेकंदाला पन्नास वेळा पुढं-मागं होतो, म्हणून तिथली पोरं सरकतही नाहीत, जागच्या जागी डोलतात, हेही त्यांनी सांगितलं. "इस गल्ली के इलेक्ट्रॉन इसी गल्ली में बुढे होते," असं म्हणून ते आत गेले आणि एकपासून मोजू लागले. पाईप चालू राहिल्यामुळे कोथिंबिरीचा वाफा वाहून गेला. त्याबद्दल मुमानी जे बोलल्या त्याचा पदार्थविज्ञानाशी संबंध नाही.

दुसऱ्या तोंडी परीक्षेला तेच परीक्षक होते आणि प्रश्नही तोच. मी इंग्रजी उत्तर पाठ केलं होतं, ते ऐन वेळी आठवेना. मी मराठीत म्हणालो, "सर, ती गल्लीतली पोरं असतात." परीक्षकांनी चष्मा काढला. "पुढं बोला," म्हणाले. मी पाईप सांगितला, पोरं सांगितली, कुल्फीवालाही सोडला नाही. त्यांनी विचारलं, तार तापली की रोध का वाढतो? मी म्हणालो, "घरांच्या भिंतीच थरथरायला लागतात सर, पोरं जास्त धडकतात." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, "बरोबर आहे. जा."

मी धावतच दुकानात आलो. मामूंनी दोनदा विचारलं, "बस 'बरोबर' बोले? या और कुछ?"

"बरोबर आहे, असं म्हणाले."

ते पुन्हा कॉइलकडे वळले. मुमानींनी शेवयांची वाटी माझ्या हातात देताना सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. मामू उर्दूतून सायन्स शिकत होते, वर्गात पहिले येत. मग अठ्ठेचाळीस साली पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामी राज्य गेलं, सगळं विस्कटलं, शिकवणारे मास्तर हैदराबादला निघून गेले, आणि पुढं पुस्तकांची भाषाच बदलली. मामूंची परीक्षा व्हायची राहिली ती राहिली. पाईपाचं आणि पोरांचं उत्तर त्यांनी तार गुंडाळता गुंडाळता स्वतःच शोधलं होतं. ते बरोबर की चूक, हे सांगणारं त्यांना कुणी भेटलं नव्हतं.

संध्याकाळी मामू कागद घेऊन वर आले. "वो साहब ने क्या क्या पूछा, सब बोल." मी प्रश्न सांगितले. ते माझ्या ट्रंकेवर बसून उर्दूत उत्तरं लिहू लागले, एकेका ओळीत, अजिबात न खोडता. लिहून झाल्यावर म्हणाले, "तेरेकू उर्दू नहीं आती. मैं पढता, तू नंबर दे. सच्चा देना."

त्यांनी वाचलं. मी दहापैकी साडेनऊ दिले.

"आधा किधर गया?"

"मामू, वेग 'एकापेक्षा कमी' लिहिलाय. एक काय? कोस, हात, मिलिमीटर? एकक लिहिलं नाही."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "हौ. सही काटा." कागदाची घडी करून त्यांनी वरच्या खिशात ठेवली आणि जिना उतरताना कठड्याला धरून एकदा थांबले. खाली मुमानींना सांगत होते, "साढे नौ आये. मेरीच गलती थी, आधा गया."

मी पास झालो आणि पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. मामू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. साडेनऊ दिले तेव्हा मला वाटलं होतं, पैकीच्या पैकी दिले तर ते खरे मानणार नाहीत. नोकरीत मी हजारो पेपर तपासले, काठावरच्या कितीतरी पोरांना हात सैल सोडून वर ढकललं. मामूंचा अर्धा गुण कापला तेव्हा मात्र मी बावीस वर्षांचा होतो आणि नियमाला फार जपत होतो.