आमचा कढीपत्ता एवढा हिरवा काहून?

आर्णीच्या मैत्रिणींनो, आज सकाळी घरच्या संडासची टाकी तपासून घेतली. पुढच्या आठवड्यात नणंदेचं लग्न आहे, घर पाहुण्यांनी भरणार. म्हणून परवाना असलेल्या माणसाले बोलावलं होतं.

टाकीजवळचा आमचा कढीपत्ता तुम्हाला माहीतच आहे. अख्ख्या गल्लीची फोडणी त्याच्यावर चालते. भर उन्हाळ्यात एक पान पिवळं पडत नाही. सासूबाई सगळ्यांना सांगतात, "माह्या हातचा गुण हाय."

त्या माणसानं झाकण उघडून टॉर्च मारला अन् हसला. "काकू, झाडाच्या मुळ्या भेगेतून टाकीत उतरल्या."

सासूबाई माझ्याकडे पाहायला लागल्या, मी झाडाकडे.

"झाड तोडा लागन का?" त्यांनी हळूच विचारलं.

"तोडता कायले? मुळ्या छाटून भेग बुजवा. बाकी टाकी मजबूत हाय, लग्न बिनघोर होऊ द्या."

जीव भांड्यात पडला. निघताना तो फाटकाशी घुटमळला. "काकू, दोन डहाळ्या नेऊ का? बायको घरी कढी करून राह्यली."

सासूबाईंनी ऐटीत तोडून दिल्या.

तो तर घेऊन गेला. तुम्ही उद्या फोडणीसाठी पानं न्यायला याल ना?