अध्यक्षांच्या मापाचं टेबल

"कोपर दाखव."

गायसमुद्रे सर माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते एवढंच. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. केजजवळच्या एका सहकारी सूत गिरणीत मी पॅकिंगला नुकतीच लागले होते. गिरणीचं नाव लिहीत नाही, माझी माणसं अजून तिकडंच राहतात. सातवीतून शाळा सुटलेली, लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि परका माणूस कोपर मागतोय. मी पदर ओढून घेतला. शेजारची रुक्मिणअक्का हसली. "दाखव की. सगळ्यायचं बघितलंय त्यायनी. कोपरच बघतेत, बाकी काई न्हाई."

सरांनी मला खांबाला पाठ लावून उभं केलं, हात कोपरात दुमडायला लावला आणि कोपराखाली खडूने रेघ मारून पुढं माझं नाव लिहिलं. त्या खांबावर पॅकिंगच्या सगळ्या बायांची कोपरं होती.

सर अंबाजोगाईचे. गिरणीत सुरक्षा सुपरवायझर, तेही तात्पुरते. त्या साली पाऊस नव्हता. सूत खात्यात हवा ओली ठेवणारं यंत्र पाण्यावाचून बंद पडलं होतं. कोरड्या हवेत धागा तुटायचा, म्हणून सुताचा एकेक कोन, म्हणजे शंकूसारखं गुंडाळलेलं रीळ, आम्हाला फिरवून तपासावा लागे. टेबल मांडीएवढं. पाळीभर वाकून उभं राहायचं. घरी गेल्यावर भाकरी थापायला पाठ नाही म्हणायची.

सर स्टूलावर घड्याळ आणि वही घेऊन बसत. कोण किती वेळा वाकली, कोणत्या तासाला हात मंदावले, कधी कोन हातातून सुटले, सगळं लिहीत. मॅनेजर टोमणा मारायचा, "घड्याळ लावून बाया बघायची नोकरी बरी हाय." सर मान वर करत नसत. आम्ही दुखण्याचा पाढा वाचला की म्हणत, "कुठं दुखतं ते सांगू नका. कुठं वाकता ते दाखवा."

पुढं वही त्यांनी माझ्याकडं दिली. मी म्हटलं, सर, माझी सातवीच झालीय. "सातवी लई झाली माय. मॅनेजर पदवीवाला हाय. त्याला वाचता येतं, कळत न्हाई." आज हे चार शब्द लिहिते आहे ते त्या वहीमुळं.

आमच्या कोपराच्या मापाचं टेबल मागायला सर संचालकांच्या बैठकीत गेले. तिथं चहा देणारी बाई आमच्यातलीच, तिनं सगळं सांगितलं. एक संचालक म्हणाले, "बायायला कावून पाहिजे मापाचं टेबल?" सर म्हणाले, "जू करताना बैलाची मान बघता का न्हाई?" कुणी तरी हसलं. तेव्हा सर तापले. "माझा बाप परळीच्या वीज केंद्रात कोळसा उपसायचा. फावड्याचा दांडा आखूड होता, दुसरं काई न्हाई. वीतभर लांब दांडा दिला असता कुणी, तर बाप सरळ पाठीनं मेला असता."

टेबल मंजूर झालं. नवंकोरं, सागवानी. आलं ते आमच्या छातीला लागत होतं.

सरांनी सुताराला खांबापाशी ओढत नेलं. "ह्या रेघा दिसल्या न्हाईत का बे? माप कुणाचं घेतलंस?"

"अध्यक्ष सायबाचं," सुतार म्हणाला. "उद्घाटनाला पैला कोन तेच भरणार हायेत. फोटोत वाकलेले दिसू नयेत, असं हापिसातून सांगितलंय."

अध्यक्ष ताडमाड. एक कोन पिशवीत टाकला, फोटो निघाला, हार पडले, गाडी गेली. ते टेबलापाशी जेवढा वेळ उभे होते, तेवढ्यात आमचा एक कोनही तपासून होत नाही. आणि त्यांच्या त्या घटकेसाठी आम्ही रोज पाळीभर पालथ्या घातलेल्या पेट्यांवर उभं राहायचं. मॅनेजर म्हणाला, सवय होईल.

एक दिवस रुक्मिणअक्काची पेटी कलंडली. भरलेली गोणी हातात, अक्का खाली. मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने कागद पुढं केला. 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात.' हा शब्द टिकला असता तर गिरणी अक्काच्या उपचाराचा खर्चही उचलणार नव्हती. कागदावर दोन सह्या हव्या होत्या, वहीवाली म्हणून माझी आणि सरांची. दुष्काळात माझ्या मालकांना काम नव्हतं. घरात माझाच पगार होता. मी सही केली. त्या सहीचा राग अजून गेलेला नाही, आणि तो मॅनेजरवर कमी, माझ्यावर जास्त आहे.

सरांनी कागद वाचला. माझी सही बघितली. मी जमिनीकडं बघत राहिले. "तुझी ऱ्हाऊ दे," ते हळू म्हणाले. "तुला घर हाय." आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'टेबल अध्यक्षांच्या मापाचे आहे. कामगाराचा दोष नाही.' मग सही.

"हे लिहून तुमी हिथं ऱ्हाताल का?" मॅनेजरने विचारलं.

"मी न्हाई ऱ्हाणार. कागद ऱ्हाईल."

दुसऱ्या सकाळी पाळी लागताना सर करवत घेऊन आले. टेबल पालथं केलं. खांबावर रेघा जिथं दाटल्या होत्या, तिथून चार बोटं खालचं माप दोरीने घेतलं आणि पाय कापायला लागले. वॉचमन धावत आला. "सर, अध्यक्षायचं टेबल कापता?"

"अध्यक्षांचं ऑफिसात हाय. हे बायांचं हाय."

चौथा पाय पडेपर्यंत कुणी त्यांच्या अंगाला हात लावला नाही. मग त्यांनी टेबल सरळ केलं, भुसा झाडला, गेटवर पास ठेवला आणि एसटी स्टँडकडं चालत गेले. त्या दिवशी कुणीही पेटीवर चढलं नाही.

त्या कागदामुळं अक्काचा हात गिरणीला बरा करून द्यावा लागला. तिचं काम मात्र गेलं. पुढं गिरणीही बंद पडली. अध्यक्षांचा तो फोटो ऑफिसात अजून आहे म्हणतात. सर वारल्याचं मला अक्काच्या फोनवरून कळलं, तेही महिन्याने.

मी आता सुरतेला साड्यांच्या पॅकिंगवर आहे, माझ्या हाताखाली पोरी आहेत. कापलेल्या पायाचा एक तुकडा मी तेव्हा उचलला होता, तो घरी माझ्या कपड्यांच्या पेटीत आहे. परवा आमच्याकडं नवी टेबलं आली. सुपरवायझरने कागद पुढं केला, टेबलं बरोबर आहेत म्हणून सही कर. मी कागद बाजूला ठेवला.

मी त्याच्याकडं खडू मागितला.